भरलेली टाकी

लग्नाच्या हॉलमागे टेम्पोतून फुग्यांच्या गॅसची टाकी उतरवायची होती. सजावटीच्या कामाला जाणारी माझी आई म्हणाली, "काल रिकामी दोघींनी उचलली. आज भरलेली आहे, मी एकटीच उतरवते. फुगे उडवणारा गॅस ना तो!" आणि तिने एका हाताने टाकी स्वतःकडे कलती केली.

"आई, थांब!" मी घाबरून ओरडले. आईवर मी याआधी कधी ओरडले नसेन.

फुग्यात हेलियम मोकळा पसरतो, तेवढ्याच जागेतल्या हवेहून हलका असतो, म्हणून फुगा वर जातो. टाकीत तोच गॅस इतका दाबून भरतात की तो हवेहून कितीतरी जड होतो. भरलेली टाकी रिकामीपेक्षा जडच. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. आईच्या अंगावर टाकी कलली तेव्हा खरं कळलं. शिकल्यावर भीती कमी होईल असं मला वाटायचं. ती वाढतेच बहुतेक.

टाकीला खांदा लावून आई म्हणाली, "बरं बाई कॉलेजवाले, मग सांग कशी उतरवू?"

टाकी जड का, ते मला ठाऊक होतं. उतरवायची कशी, ते नव्हतं.

"तू सांग," मी म्हणाले. "मी कुठे धरू?"