ऐकणारं कोण?

‘हात लावू का?’

सर प्रत्येक मुलाला हे विचारायचे. ज्युदोत हात लावल्याशिवाय काही शिकवताच येत नाही. कॉलर पकडायची, बाही धरायची, कमरेत वळायचं, सगळं अंगाशी. तरी एखाद्याचा खांदा वाकडा दिसला की हा दांडगा माणूस दोन पावलं अलीकडे थांबायचा, वाकायचा आणि विचारायचा. उत्तर येईपर्यंत थांबायचा. पोरं सुरुवातीला खिदळायची. एखादं मुद्दाम ‘नको’ म्हणायचं. सर ‘बरं’ म्हणत आणि स्वतःचाच खांदा वळवून दाखवत. चेहऱ्यावर नाराजीची रेघ नाही.

‘एवढं काय विचारायचं सर, लहान तर आहेत,’ असं एकदा मीच म्हणाले होते.

‘लहान आहेत म्हणूनच,’ ते म्हणाले. ‘मोठ्यांना न विचारता हात लावला तर ते कानाखाली देतात. ह्यांना फक्त सवय होते.’

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा क्लास संध्याकाळी चालायचा. दिवसा ते एका विमा कंपनीत कारकून होते. मूळचे कुडाळचे, लग्न केलेलं नाही, भांडुपला एका खोलीत राहायचे. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात इस्त्री न केलेला ज्युदोचा पोशाख. माझी सई तेव्हा आठवीत होती. बँकेची नोकरी मी नुकतीच सोडली होती, त्यामुळे तिला सोडायच्या निमित्ताने मीही हॉलच्या पायरीवर बसायची.

पालकांना घाई असायची ती फटक्यांची. पेपरात काहीतरी वाचलं की कुणीतरी बाप यायचा. ‘सर, एक-दोन झकास डाव शिकवा ना. कुणी हात लावला तर आडवाच करेल.’

सर त्याला जवळ बसवायचे. ‘साहेब, नऊ वर्षांचं पोर मोठ्या माणसाला आडवं करत नाही. तसं सांगितलं तर मी खोटारडा. पकड कशी सोडवायची ते मी शिकवतो. ओरडायला शिकवतो. त्यातून त्याला पळण्यापुरता वेळ मिळतो. पण पळून ते येणार कुठे? तुमच्याकडे. आता तुम्ही त्याचं ऐकणार की नाही, ते मी कसं शिकवू?’

पण ते शिकवायचा प्रयत्नही करायचेच. शनिवारी आई-बापांनी यायचं. मुलासमोर मांडी घालून बसायचं. मूल काहीही सांगेल. शाळेतलं भांडण, हरवलेली बाटली, काहीही. मोठ्यांनी फक्त एकच शब्द बोलायचा : ‘मग?’ दुसरा शब्द काढला की बाद.

तुम्ही करून बघा. वाटतं तितकं सोपं नाही. आमच्या विंगमधल्या एका बापाला मुलीने सांगितलं, ‘आज टीचर ओरडल्या.’ हा लगेच, ‘तू काय केलंस?’ सरांनी दारात उभं राहून हात वर केला. ‘बाद.’ अख्खा हॉल हसला. मी सुद्धा बाद झाले, ‘अगं पण तू डबा का नाही खाल्लास’ यावर. नीलची आई प्राची मात्र टिकली. नील हे काही त्याचं खरं नाव नाही. चौथीतला, किडकिडीत, भराभर बोलणारा मुलगा. प्राची मरोळला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. नवरा परदेशात जहाजावर. ती दमूनभागून यायची, पर्स मांडीवर ठेवून बसायची आणि नीलचं ते लांबलचक पुराण ‘मग? मग?’ करत ऐकायची. सर तिच्याकडे बघून मान हलवायचे.

आमच्या सोसायटीत एक काका होते. नाव लिहीत नाही, तशी लायकीही नाही. निवृत्त, एकटे, गणपतीत आरतीला पुढे, कुणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यात आधी हजर. मुलांना गणित शिकवायचे, एक पैसा न घेता. अशा माणसाला सोसायटी डोक्यावर घेते, आम्हीही घेतलं होतं. नील शाळेतून आला की त्याचे आजोबाच त्याला काकांच्या घरी सोडायचे.

त्या दिवशी मी सईबरोबर खाली आले होते. क्लासला अजून अवकाश होता. एवढ्यात जिन्यातून आरोळी आली. ‘नको म्हटलं ना! नको!’ पाठोपाठ नील धावत खाली आला. अनवाणी, शर्टाची वरची बटणं तुटलेली. गेटपाशी वॉचमनच्या केबिनला टेकून तो धापा टाकत उभा राहिला. लोक जमले. मग काका सावकाश उतरले. एका हातात वही, दुसऱ्यात नीलच्या चपला.

‘अहो, भागाकार चुकला म्हणून कान धरला,’ ते हसत म्हणाले, ‘तर केवढं रामायण! हल्लीच्या पोरांना बोलायची सोय नाही.’

आणि लोक हसले. हे मी मुद्दाम सांगते आहे. मूल थरथरत होतं आणि चांगली शिकलेली, सणावाराला एकमेकांकडे ताटं पोचवणारी माणसं हसली. नीलचे आजोबा ओशाळे झाले. त्यांनी नातवाचा दंड धरला. ‘मोठ्यांशी असं बोलतात? काकांच्या पाया पड. पड म्हणतो ना!’

‘अहो आजोबा, थांबा जरा,’ मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नीलने दोन्ही हात अंगाशी घट्ट आवळून धरले होते.

‘ह्या काय चल्लाहा?’

सर गेटातून आत आले होते. क्लासात कायम शुद्ध बोलणाऱ्या सरांच्या तोंडी मालवणी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. पिशवी त्यांनी जमिनीवर ठेवली आणि ते नील आणि काकांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

‘तो पाया पडणार नाही.’

‘तुम्ही कोण मध्ये बोलणारे?’ आजोबा म्हणाले.

‘मी कोणी नाही. पण त्याचं ‘नको’ मला बाहेर रस्त्यावर ऐकू आलं. तुम्हाला इथे नाही आलं?’

काका म्हणाले, ‘तुम्हीच शिकवता ना हे ओरडणं?’ सरांनी तिकडे पाहिलं नाही. ते नीलपासून थोडं दूर उकिडवे बसले. ‘बाळा, तुला कुणाशी बोलायचंय?’

बऱ्याच वेळाने नील म्हणाला, ‘आईशी.’

‘बरं. आई येईपर्यंत इथेच बसू. सगळ्यांना दिसू अशा जागी.’

मी प्राचीला फोन लावला. ती मरोळहून निघून मुलुंडला पोचेपर्यंत सर हॉलच्या पायरीवर बसून राहिले. नील वरच्या पायरीवर, ते खालच्या. क्लास त्यांनी सईकडे सोपवला. मला राहवेना. मी हळूच म्हटलं, ‘विचारा ना त्याला, काय झालं ते.’

‘नाही,’ ते म्हणाले. ‘मी विचारणार, तुम्ही विचारणार, सेक्रेटरी विचारणार. प्रत्येकापुढे त्याला तेच उगाळावं लागेल. एकदाच सांगू दे. तिला सांगू दे.’

प्राची रिक्षातून उतरली तशी सरांनी तिला बाजूला घेतलं. ‘तो काहीही सांगेल. तुम्ही आधी एवढंच म्हणा, सांगितलंस ते बरं केलंस. रडू आलं तर नंतर रडा.’

ती नीलला घेऊन माझ्या घरी आली. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते त्याचं आहे. मी स्वयंपाकघरात होते, सर दाराबाहेर. भिंतीपलीकडून मला फक्त तिचा आवाज ऐकू येत होता : ‘मग?... मग?...’ आणि शेवटी, ‘सांगितलंस ते फार बरं केलंस रे.’ बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता, पण आवाज स्थिर.

‘पोलीस,’ सर म्हणाले. ‘आत्ता. उद्यावर टाकलं तर उद्यापर्यंत ही सगळी मिळून त्याला खोटा पाडतील. आणि कायद्याने कळवावंच लागतं, मला पण आणि तुम्हाला पण.’

प्राची, सर आणि मी, आम्ही तिघं चौकीवर गेलो. पुढे साध्या कपड्यातल्या एक महिला अधिकारी घरी आल्या, नीलजवळ जमिनीवर बसून त्यांनी त्याचं म्हणणं लिहून घेतलं. काकांना अटक झाली. इथे गोष्ट संपायला हवी होती. माणसांत थोडी लाज असती तर संपली असती.

रविवारी कमिटीने मीटिंग बोलावली. विषय काय, तर सोसायटीची बदनामी. आजही ती वाक्यं आठवली की माझं डोकं तापतं. ‘पोलिसांत जायच्या आधी आम्हाला विचारायला हवं होतं.’ ‘मुलं कल्पना करतात हो.’ ‘मुलगी असती तर गोष्ट वेगळी.’ एक बाई म्हणाल्या, ‘आता इथे फ्लॅट कोण घेणार?’ याच बाईंनी मागल्या वर्षी मुलांच्या सुरक्षिततेवर व्याख्यान ठेवलं होतं. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श, रंगीत चित्रं आणि शेवटी समोसे. मुलांना सांगितलं, असं काही झालं तर मोठ्यांना सांगा. आणि एका मुलाने सांगितलं तर मोठे फ्लॅटचे भाव मोजत बसले!

मी उठून हे तोंडावर बोलले. सेक्रेटरींनी मला ‘मॅडम, भावनेच्या भरात नको’ म्हणून बसवायला पाहिलं. मी बसले नाही. मग त्यांनी मोर्चा सरांकडे वळवला.

‘तुमच्याच क्लासामुळे पोरांच्या डोक्यात हे भरतं. आणि सर, अंगाला हात तर तुम्हीही लावता. लग्नही नाही तुमचं. आम्ही कधी काही बोललो?’

सर उभे होते. आयुष्यभर ज्या एका गोष्टीला हा माणूस जपत आला, नेमकी तीच त्यांच्या तोंडावर फेकली होती. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. पोरं बाहेर कठड्यावर चढून ऐकत होती. सई ओरडली, ‘सर विचारतात! दर वेळी विचारतात! तुम्ही विचारता का?’ तिच्यामागे बाकीची ओरडायला लागली.

सेक्रेटरी ‘खिडकी लावा, खिडकी लावा’ करत होते. त्या गोंधळात मागच्या खुर्चीवरून एक मुलगा उठला. इंजिनिअरिंगला होता, डी विंगमधला. ‘मी पण काकांकडे गणिताला जायचो,’ तो म्हणाला. ‘सहावीत असताना.’ एवढंच बोलला आणि बाहेर निघून गेला. त्याची आई माझ्या शेजारी बसली होती. फ्लॅटचं बोलली होती ती हीच. ती तशीच बसून राहिली, मग अडखळत दाराकडे धावली.

मीटिंग तिथेच मोडली. सर भिंतीला टेकून रडत होते. एवढा मोठा माणूस असा रडताना मी कधी पाहिला नव्हता.

डी विंगमधल्या त्या मुलानेही मग जबाब दिला. पण हॉल सरांना पुन्हा मिळाला नाही. दुरुस्ती निघाली म्हणे. दुरुस्ती कसली, दोन महिन्यांत तिथे झुंबा सुरू झाला. निम्म्या पालकांनी मुलं काढून घेतली. उरलेल्यांना सर बागेत गवतावर, इजा न होता कसं पडायचं ते शिकवायचे. गुडघे हिरवे व्हायचे, आया कपड्यांवरून कुरकुरायच्या.

प्राचीने घर सोडावं असं तिला चारचौघांनी सुचवलं. ती म्हणाली, ‘मी का जाऊ?’ नीलच्या आजोबांनी बरेच दिवस नातवाच्या नजरेला नजर दिली नाही. एका शनिवारी ते बागेत आले, नीलसमोर कसेबसे मांडी घालून बसले. नील त्यांच्याशी काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले.

दीडेक वर्षाने सरांची आई अंथरुणाला खिळली. नोकरी सोडून ते कुडाळला गेले. सोसायटीने त्यांना हाकललं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं तसं नाही. मात्र जाताना कमिटीतलं एक माणूस भेटायला आलं नाही, हे खरं आहे.

केस रेंगाळली. साक्षीच्या वेळी सर कुडाळहून आले. आपल्याला काय दिसलं, काय ऐकू आलं तेवढंच त्यांनी सांगितलं. काकांच्या वकिलाने त्यांना बोचकारायचं तेवढं बोचकारलं. बाहेर येऊन ते घटाघटा पाणी प्यायले आणि आईला एकटं ठेवून आलोय म्हणत संध्याकाळीच परत निघाले. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

निकाल गेल्या वर्षी लागला. शिक्षा झाली. आठवड्याभरात आमच्या गेटवर बॅनर लागला. ‘मुलांसाठी सुरक्षित सोसायटी’, खाली कमिटीच्या सगळ्यांचे हसरे फोटो. मी सेक्रेटरींच्या दारात गेले. ‘ह्यात सर कुठे आहेत?’

‘अहो, ते बाहेरचे,’ ते म्हणाले. ‘मेंबर कुठे होते?’

‘मग तुम्ही त्या दिवशी कुठे होतात ते पण लिहा त्यावर,’ मी म्हटलं. रात्रीतून बॅनर उतरला.

पण निकालाच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. प्राची आणि मी तिच्या घरी बसलो होतो. तिने सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. कुडाळला रेंज नीट नव्हती, शब्द तुटत होते. तिने सगळं सांगितलं. किती वर्षांची शिक्षा, न्यायाधीश काय म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, ‘नील कुठाय?’

प्राची खिडकीपाशी गेली. ‘खाली आहे. क्रिकेट चाललंय. थांबा सर, हाक मारते.’

‘नको,’ सर म्हणाले. ‘खेळू दे.’