बारा भाईंचा बर्फ

शकुंतलाबाईंनी उभा जन्म धारवाडच्या शाळेत भूगोल शिकवला. "अंटार्क्टिका खंड कुणाच्या बापाचा नाही, सगळ्या देशांनी मिळून अभ्यासायचा आणि मिळूनच जपायचा," हे वाक्य त्या दरवर्षी मोठ्या ठसक्यात सांगत. पुढे मुलगा श्रीवत्स खरोखरच तिथे बर्फाचे नमुने काढायला गेला, तेव्हा सुभाष रोडवरच्या एकेका ओळखीच्या दुकानदाराच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला. कौतुक तरी किती करावं!

आता तेच वाक्य त्यांना खायला उठलं होतं. श्रीवत्स नॉर्वेच्या दोघांबरोबर लांबच्या छावणीवर गेला आणि हिमवादळ उठलं. कालपासून तिघांचा पत्ता नव्हता.

"शोधायला रशियाचे लोक निघालेत, आई. गाडी नॉर्वेची आहे, आपला डॉक्टरही सोबत गेलाय," सून स्मृती समजूत घालत होती.

"म्हणजे जबाबदार नेमकं कोण? बारा भाईंची खेती, काय लागेल हाती!" बाई करवादल्या. देवापुढे बसल्या, उठल्या, कुकर लावला आणि त्यात पाणी घालायला विसरल्या. करपल्याचा वास घरभर झाला तरी त्यांना सुध नव्हती.

फोन वाजला. तळावर श्रीवत्सबरोबर काम करणारा गदगचा शंकर बोलत होता. आवाज तुटत होता.

"अम्मा... श्रीवत्स... बंद..."

बाईंच्या हातून फोन निसटला. बंद! काय बंद पडलं? श्वास, की काळीज? त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. स्मृतीनं फोन उचलला, ऐकलं आणि रडता रडता हसायलाच लागली.

"अहो आई, शंकरण्णा कन्नडात सांगतायत! बंद नव्हे, बंदा! आला तो, सुखरूप आला!"

रोज भाजीवालीशी कन्नडात हुज्जत घालणाऱ्या बाई नेमक्या वेळी कन्नड विसरल्या होत्या. घाबरलेल्या जिवाला मराठीच तेवढी ऐकू आली.

मग श्रीवत्स बोलला. "आई, बरा आहे मी. सगळ्यांनी मिळून आणलं आम्हाला. पण नमुने तिथंच राहिलेत. वारा पडला की परत जायचंय."

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं आणि पदरानं डोळे पुसले.

"जा. पण एकटा नको जाऊस रे बाबा," त्या म्हणाल्या. "बाराच्या बारा भाईंना घेऊन जा."