नावापुढचा शेरा

आजीबाईंना पूर्वज हवे होते आणि मला घराबाहेर पडायला निमित्त. एवढ्यावर आमचं जमलं.

चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. नवरा पीएच.डी. करत होता. सकाळी कॅम्पसची बस पकडायचा, तो अंधार पडल्यावरच उगवायचा. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. खालच्या मजल्यावर आजीबाई एकट्या. ऐंशीला टेकलेल्या, निवृत्त शिक्षिका, कणा ताठ, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी पहिल्याच दिवशी त्यांना 'आजी' म्हटलं. अर्थ सांगितल्यावर म्हणाल्या, "चालेल. पण मी लाडबिड करणार नाही."

त्यांचे खापरपणजोबा तरुणपणी इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातून पेनसिल्व्हेनियात आले होते. घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गावाचं नाव होतं. त्याच्या मागे सगळा अंधार. त्या गावच्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो काढून त्यांची रिळं केलेली होती. आमच्याकडच्या एका चर्चच्या मागे वाचनाची छोटी खोली होती, तिथे ती मागवता यायची. काही आठवड्यांनी परत पाठवायची. आजीबाईंच्या डोळ्यांना ते जमेना. मी लग्नाआधी पुण्यात दोन वर्षं मोडी कागद वाचत होते. कारकुनी मोडी पचवलेल्या माणसाला इंग्लिश पाद्र्याचं अक्षर म्हणजे वरणभात.

आठवड्यातून तीनदा आम्ही दोघी हातात हात घालून बर्फावरून तिथे जायचो. मी यंत्राचा दांडा फिरवायची, काचेवर पान सरकायचं. आजीबाई अंगातला कोटही न काढता शेजारी विणत बसायच्या. मी नावं वाचायची. "पुढे," त्या म्हणायच्या.

शंभरेक उंबऱ्यांचं गाव असेल. डावीकडच्या पानावर बाप्तिस्मे, उजवीकडच्या पानावर दफनं. लग्नाची वही वेगळी. महिन्याभरात त्या गावातली बित्तंबातमी मला कळायला लागली. सुतार कोण, दारुडा कोण, कुणाच्या लग्नानंतर पहिलं मूल जरा जास्तच लवकर आलं. तसलं काही सापडलं की आम्ही दोघी गालातल्या गालात हसायचो.

मला तेव्हा पाचवा महिना लागला होता. आईचं पत्र यायचं, 'दिवसांत वाईट बघू नये, वाईट ऐकू नये, चांगलं वाचत जा.' मी उत्तर लिहायची, 'वाचन भरपूर चालू आहे.' काय वाचते ते लिहीत नसे.

कारण डावीकडच्या पानावर काही नावांपुढे 'प्रायव्हेट' असा बारीक शेरा असायचा. मी आजीबाईंना विचारलं, हे काय?

"मूल जगेलसं वाटलं नाही," त्या विणता विणताच म्हणाल्या, "तर रविवारची वाट बघत नसत. पाद्र्याला घरी बोलवायचे. डोक्यावर पाणी, घाईघाईने नाव. बिननावाचं जाऊ नये म्हणून."

त्यानंतर मी तो शेरा टाळू शकले नाही. शेरा दिसला की नजर आपोआप उजवीकडच्या पानावर जायची, आणि दोन दिवसांनी, चार दिवसांनी, तेच नाव तिथे. पुढे 'अर्भक'. मी ते मोठ्याने वाचायची नाही. पण पोटातलं बाळ त्याच क्षणी ढुशी द्यायचं आणि मी घाईने दांडा फिरवायची. आपल्याकडे बाराव्या दिवसापर्यंत नाव का ठेवत नाहीत ते मला तिथे, त्या पेनसिल्व्हेनियातल्या गारठलेल्या खोलीत कळलं, असं मला वाटलं. नाव दिलं की हाक मारता येते. ज्याला हाक मारता येते त्याला कुणीही बोलावून नेऊ शकतं. एम.ए. झालेली बाई मी, आणि हे असलं डोक्यात. हे कुणाला सांगायचं? नवऱ्याला सांगितलं असतं तर म्हणाला असता, "अगं, तू लायब्ररीतून एखादी नॉव्हेल का आणत नाहीस?"

सोडून द्यायचं, तर तेही होईना. सुटलेला धागा हातात घेतला की मला तो टाकवत नाही.

आठव्या महिन्यात, मार्चच्या सुरुवातीला, खापरपणजोबांचं नाव सापडलं. आजीबाई त्या दिवशी सर्दीने घरीच होत्या. बापाचं नाव तेच, मुलाचं तेच, वर्षही अंदाजाने जुळत होतं. आणि पुढे तो शेरा. जन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी.

मी उजवीकडे पाहिलं नाही. पुढचं पानही काढलं नाही. यंत्राचा दिवा बंद केला आणि अंधाऱ्या काचेसमोर पोटावर हात ठेवून बसून राहिले.

घरी आल्यावर आजीबाईंनी विचारलं, "काही?"

"नाही," मी म्हटलं. "या रिळात नाहीत ते."

त्यांनी मान हलवली. तीन वर्षं त्या माणसाला शोधत होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा त्याच्यापायी लांबवलं होतं, उगाच काही बिनसलं तर उरलंसुरलं दिसणंही जाईल म्हणून. त्यांना खोटं सांगताना मला लाज वाटली, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती. ते मूल मेलं असणार, अमेरिकेत आला तो त्याच नावाचा नंतरचा भाऊ असणार, हे मला माझ्या तोंडाने बोलायचं नव्हतं. बोललं की खरं होतं, आणि मग एकाचं खरं झालेलं दुसऱ्याला चिकटतं.

आठवड्याभरातच मला कळा सुरू झाल्या. पाच आठवडे आधी.

मुलगी झाली. मला दाखवली न दाखवली आणि काचेच्या पेटीत नेऊन ठेवली. मुठीएवढं तोंड, नाकात नळी, छातीवर तारा. मध्येच श्वास घ्यायची विसरायची. मग यंत्र कोकलायचं, नर्स येऊन तिच्या तळपायाला टिचकी मारायची आणि ती दचकून पुन्हा श्वास घ्यायची. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर आलेल्या मुलांचं असं होतं. पेटीवर चिठ्ठी होती, 'बेबी गर्ल' आणि आमचं आडनाव.

पाचव्या दिवशी एक नर्स फॉर्म घेऊन आली. जन्मदाखल्याचा. "नाव काय ठेवताय?" तिने नको तितक्या हळुवार आवाजात विचारलं.

"अजून नाही. आमच्यात बाराव्या दिवशी ठेवतात."

"आजच सांगितलंत तर बरं होईल, हनी. तिला काहीतरी म्हणायला हवं ना आम्हाला?" तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माझ्या डोळ्यांपुढे तो पाद्री उभा राहिला. ओला डगला, हातात पाण्याचं भांडं. यांना कळलंय, मला वाटलं, यांना सगळं कळलंय आणि हे मला सांगत नाहीयेत. बिननावाची जाऊ नये म्हणून ही घाई.

"मी नाव देणार नाही," मी ओरडलेच. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. नर्सने फॉर्म आणि पेन टेबलावर ठेवलं आणि गुपचूप निघून गेली.

संध्याकाळी नवरा आला. "अगं, पेपरवर्क आहे ते. सगळ्यांकडून घेतात. आपण डिसाइड केलेलं नाव टाक आणि मोकळी हो ना."

"तुम्ही ते नाव इथे उच्चारलंत ना, तर माझ्यासारखी वाईट नाही, सांगून ठेवते."

त्याचाही चेहरा उतरला होता, पण मी तेव्हा बघितलं नाही. तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आज पाचवी. घरी असते तर आईने पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली असती, सटवाईने येऊन बाळाचं नशीब लिहावं म्हणून. इथे टेबलावर फॉर्म होता, पेन होतं. मी दोन्ही नीट शेजारी शेजारी लावून ठेवलं. हसू येत होतं आणि रडूही येत होतं. सटवाईला इंग्रजी येतं का, देव जाणे.

सहाव्या दिवशी सकाळी आजीबाई आल्या. शेजाऱ्यांच्या गाडीतून, हातात विणलेली इवलीशी टोपी. मी त्यांना पाहिलं आणि बांधच फुटला. सगळं ओकले. नाव सापडलं होतं. पुढे शेरा होता. मी खोटं बोलले. तो मेला, आणि आता हे लोक माझ्याकडे नाव मागताहेत.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग शाळेतल्या आवाजात विचारलं, "दफनाचं पान पाहिलंस?"

"नाही."

"पुढची पानं?"

"नाही."

"दोन वर्षं कागद वाचण्यात घालवलीस म्हणतेस आणि अर्धं पान वाचून निकाल दिलास?" त्या उठल्या, टोपी माझ्या मांडीवर टाकली आणि निघून गेल्या. मला वाटलं, हेही माणूस गेलं आता. रीळ दोन दिवसांत परत जाणार होतं.

त्या दिवशी दुपारी यंत्र दोनदा कोकललं. दुसऱ्यांदा नर्सने तीन टिचक्या मारल्या तेव्हा कुठे पोरीने श्वास घेतला. मी पेटीच्या काचेला कपाळ लावून उभी होते. तिला हाक मारावी असं तोंडापर्यंत आलं होतं, पण मारायला नाव नव्हतं. 'बाळा' म्हटलं, तर त्या खोलीत सहा बाळं. माझी भीती मी तिच्याभोवती कुंपणासारखी घातली होती, आणि आत ती एकटीच पडली होती. हे मला तिथे उभं राहून पहिल्यांदा दिसलं, आणि स्वतःचा इतका राग आला की सांगता येत नाही.

आजीबाई पाच वाजता परत आल्या. डोळे लालभडक, बुटांना चिखल. भिंग घेऊन दिवसभर एकट्या त्या यंत्रापुढे बसल्या होत्या. बर्फाळ रस्त्यावरून एकट्या चालत गेल्या होत्या, हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं. खिशातून त्यांनी एक कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. त्यांच्या सुंदर शाळकरी अक्षरात नोंद उतरवलेली होती. तेच नाव, तोच बाप, पाच महिन्यांनंतरची तारीख, आणि पुढे, 'चर्चमध्ये आणून स्वीकारलं.'

"ज्यांना घाईने नाव दिलं आणि जी जगली, त्यांना नंतर चर्चमध्ये सगळ्यांसमोर आणत," त्या म्हणाल्या. "पुढच्या वीस वर्षांची दफनं पाहिली मी. तो त्यांत नाही. तो बोटीत बसला होता." मग जरा थांबून म्हणाल्या, "सगळीच जगली नाहीत, मुली. तुला ठाऊक आहे ते. पण त्याला नाव दिलं म्हणून तो मेला नाही. मी त्याचीच."

मी कार्ड परत परत वाचलं. मग विचारलं, "आजी, तुम्ही आमच्या आत्या व्हाल का?"

काय करायचं ते मी त्यांना समजावलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि मग बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. "का?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. नर्सने त्यांना मास्क आणि डगला दिला, पेटीची गोल खिडकी उघडून दिली. आजीबाई वाकल्या. ते नाव त्यांनी तोडून मोडून, पण अगदी गंभीरपणे सांगितलं. मी आणि नवऱ्याने त्यांच्या ताठ पाठीवर हलकेच धपाटे घातले. नर्स आ वासून बघत राहिली.

टेबलावरचा कागद पाचवीपासून कोराच होता. मी पेन उचललं आणि नाव लिहिलं.

तेविसाव्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. तोवर यंत्र आणखी कितीतरी वेळा कोकललं. भीती काही गेली नाही. फक्त आता मी काचेला तोंड लावून तिला नावाने हाक मारत होते.