उभ्या गाडीचा गुन्हा

माझ्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मी भजी खात होतो.

गाडी चौसाळ्यातल्या हॉटेलासमोर उभी, हँडब्रेक ओढलेला. उसाची रिकामी ट्रॉली मागं घेता घेता एका ट्रॅक्टरवाल्याने तिचा कोपरा माझ्या गाडीच्या दारात घुसवला. यात माझी चूक काय? काहीच नाही! पण गर्दी जमली आणि मलाच शंका यायला लागली.

"तुमी गाडी हितं कावून लावली?" एकाने विचारलं.

"मग कुठं लावायची?"

"आता ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत न्हाई, हे तुमीच समजून घ्यायला पायजे ना भाऊ!"

त्यात तो ट्रॅक्टरवाला माझ्या मेव्हण्याच्या साडूचा भाऊ निघाला. (आमच्याकडे अपघातात आधी नातं निघतं, नुकसान नंतर.) त्याला चहा मी पाजला. निघताना "राग मानू नका, पाहुणे" असंही मीच म्हणालो! का म्हणालो, ते अजून कळलेलं नाही.

तरी आतून मला आनंद झाला होता. आमचे वडील, अण्णा, दरवर्षी विमा भरताना ऐकवायचे, "वाया घालव! त्यापरीस शेळी घेतली आसती, दूध तरी दिलं आसतं." एकदा तरी क्लेम मंजूर करून घेऊन अण्णांचं तोंड बंद करायचं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून मी घाईघाईने मोबाइलवर फोटो काढले. "सरक बे, फोटोत माजं तोंड येईना!" असं मागून कुणीतरी ओरडलंही.

विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची बाई.

"सर, अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं?"

"कुणीच नाही."

"म्हणजे गाडी ड्रायव्हरशिवाय चालली?"

"चाललीच नाही हो!"

"मग अपघात कसा झाला, सर?"

क्षणभर मलाही वाटलं, झालाच नसावा. शेवटी तिने सांगितलं, परवा सर्व्हेअर येतील. मी घरी छाती फुगवून जाहीर केलं, "परवा साहेब गाडी बघायला येणार!" तिथंच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेत शिकवून घरी आलो, तर लिंबाखाली गाडी नवरीसारखी नटलेली. दार गुळगुळीत, वर ताजा रंग, आरशाला झेंडूचा हार!

"अण्णा, हे काय केलं?"

"पत्रेवाल्याला बोलावून ठोकून घेतलं. गिऱ्हाईक बघायला येणार म्हनल्यावर बैलसुदिक धुऊन, शिंगं रंगवून उभा करत्यात. आन तू सायबाला मोडकी गाडी दावणार व्हतास?"

मी मटकन ओट्यावर बसलो.

सर्व्हेअर साहेब आले. बायकोने केलेले पोहे खाऊन त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली.

"गाडी छान ठेवलीय. नुकसान कुठंय?"

मी फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत दाराला पाठ लावून हसणारी माणसं! दार औषधालासुद्धा दिसत नव्हतं.

"यातल्या कुणाचं नुकसान झालंय?" साहेबांनी विचारलं.

माझा धीर सुटला. "साहेब, इथं सावली आहे. गाडी उन्हात घेतो, मग पत्र्यावरच्या लहरी दिसतील. दोन मिनिटं!" गाडीत बसलो, रिव्हर्स टाकला आणि जिद्दीने ॲक्सिलरेटर दाबला.

धाड!

मागं साहेबांची गाडी उभी होती. तिचं दारच आत गेलं. मी पांढराफटक पडून खाली उतरलो, पण माझ्या आधी अण्णाच पुढं सरसावले.

"सायेब, तुमी गाडी हितं कावून लावली?"

साहेब गोंधळले. त्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चक्क म्हणाले, "सॉरी." (त्या माणसाबद्दल मला तेव्हा सख्ख्या भावासारखं प्रेम वाटलं.)

माझा क्लेम अर्थातच नामंजूर झाला. साहेबांनी मात्र स्वतःच्या विम्यातून दार नवंकोरं बसवून घेतलं. गाडी उभी होती, शिवाय त्यांच्या दाराचे फोटोही नीट आले होते. ते मीच काढून दिले, गर्दीला बाजूला सारून.

अण्णांचं मत आता पार बदललंय. पारावर बसून ते ज्याला त्याला सांगतात, "विमा लई कामाची चीज हाय. फकस्त आमच्या पोराच्या गाडीमागं गाडी लावता आली पायजे!"