मामांचा कान

आमच्या मामांइतके धक्के एकट्या माणसाने लोकांना दिल्याचं अख्ख्या बारामती तालुक्यात कुणाच्या ऐकिवात नसेल. जळोचीला त्यांच्या घरी गेलात, तर तुम्हाला जयभीम घालायच्या आधी ते तुमच्या गाडीचं बॉनेट उघडत. एकदा वरातीच्या जीपमध्ये काहीतरी खडखडतंय म्हणून त्यांनी भर रस्त्यात नवरदेवाला खाली उतरवलं, आणि तो नवरदेव म्हणजे मी! त्यातून बोलणं असं, की समोरच्याला तोंड उघडू द्यायचे नाहीत. तुम्ही नुसतं "मामा" म्हणेस्तोवर स्वारी कार्ब्युरेटरवर पोचलेली. मीटर लावून तपासणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "मीटर कशाला? कान हाय की," म्हणायचे. आणखी एक खोड म्हणजे मामी शेजारी पाटावर बसल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. मामी एका हाताने तांदूळ निवडायच्या आणि दुसरा हात मामांच्या पाठीवर. या वयात एवढं प्रेम! आम्ही चेष्टा करून करून मामींना नको जीव करायचो.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, आखातातून गाडी आणली. तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. एक दिवस इंदापूरहून येताना ती तिसऱ्या गिअरमध्ये अडकली ती अडकलीच. जागेवरून उठताना म्हातारीसारखी कण्हायची. पुण्यात सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला. दाजींची सुट्टी संपत आलेली, तोंड एवढंसं झालेलं. मामांनी गाडी ओढून आपल्या अंगणात आणवली.

त्या दिवशी मामी नेमक्या इंदापूरला बहिणीकडे गेलेल्या, पण मामांना कुठला धीर? गिअरबॉक्सच्या तळाचा पत्रा सोडला, तर तेल निघालं लालभडक. तेही त्यांनी मामींच्या पीठ मळायच्या परातीत धरलेलं. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, त्या किंचाळून दारातूनच परत गेल्या. आत बोटाएवढे तीन सोलेनॉइड होते. वीज मिळाली की आतली दांडी सरकते, तेलाची वाट उघडते आणि गिअर पडतो. मामांनी दोन्ही हातांत बॅटरीच्या वायरी धरून एकेकाला टेकवल्या. पहिल्याने टक केलं. दुसऱ्याने टक केलं. तिसरा गप्प. चला, दोष सापडला! मामा उठले, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "तिन्ही मेल्यात."

अहो, तो टक मला ओसरीवर ऐकू आला होता! मी दाजींकडे बघतोय, दाजी माझ्याकडे. मामांनी पुन्हा वायर टेकवली, पुन्हा टक झालं, आणि ते नाही नाही अशी मान हलवत राहिले. दाजी म्हणाले, मामा, वाजला की. पण मामांचं आपलं बोलणं चालूच होतं.

दुपारच्या एसटीने मामी आल्या. परात बघून त्यांनी कपाळावर हात मारला, पाट ओढला आणि मामांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. मामांनी वायर टेकवली. टक झालं, आणि मामींचं बोट त्यांच्या पाठीवर हळूच आपटलं. मी बघतच राहिलो.

"ह्यो जित्ता हाय," मामा म्हणाले.

दुसऱ्याला बोट आपटलं. तिसऱ्याला नाही आपटलं. तो गार पडलाय, आत गाळ अडकलाय, असं मामांनी जाहीर केलं. रॉकेलने धुऊन, फुंकून पुन्हा वायर लावली, बोट आपटलं, आणि मामा लहान पोरासारखे हसले.

संध्याकाळी गाडी धावली. एकामागून एक गिअर पडायला लागले. दाजी आणि मामा फेरी मारायला गेले, तेव्हा मामी परात घासत होत्या. मी काही विचारायच्या आतच त्या खाली मान घालून म्हणाल्या, "चार वर्सं झाली, माझा आवाज ह्यांच्या कानावर पडला न्हाय. त्याचं काय न्हाय रे. पर गाडीचं ऐकू येत न्हाय असं कुणी म्हणाया नगं. तू बोलू नगंस कुणाला."

मामा परत आले ते मला धरून बसले आणि तिसरा सोलेनॉइड आपण कानाने कसा पकडला, ते पहिल्यापासून सांगायला लागले. पुढे किती वर्षं सांगत राहिले. मी त्यांना कधी मध्ये तोडलं नाही. शेवटी "कळलं का?" म्हणायचे, तेव्हा मी होय म्हणायचो नाही, नुसती जोरात मान हलवायचो.