तीन बोटं पाण्यात

चौक गावच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, पण मनाने नट. औषधाची पुडीसुद्धा मी अशी बांधायचो, की पेशंटने टाळी वाजवावी.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. तीन महिन्यांची एक मुलगी न्यूमोनियाने आली. दर श्वासाला तिच्या फासळ्यांखाली खड्डा पडत होता. मुंबईपर्यंत टिकेल याची खात्री नव्हती. आमच्या डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी तिच्या नाकाला जोडली, तिथूनच दुसरी नळी काढली आणि तिचं टोक सलाईनच्या बाटलीत, पाण्याखाली तीन बोटं बुडवलं. पाण्याच्या पातळीशी नळीवर खुणेची चिकटपट्टी लावली. बाटलीत बुडबुडे सुरू झाले.

"पाण्याचा दाब तिची फुप्फुसं मिटू देणार नाही," त्या मला आणि मुलीच्या आईला म्हणाल्या. "पट्टी पाण्याबरोबर राहिली पाहिजे. बुडबुडे थांबले तर तिचं तोंड उघडलं असेल, हनुवटी धरा."

आई डोंगरपायथ्याची शेतकरीण. ती हनुवटी धरून बसली. तासाभरात खड्डा उथळ झाला. बाई बाहेरचे पेशंट तपासायला गेल्या आणि इकडे माझा खेळ सुरू झाला. दारात माणसं जमली होती. "सुई नाही, कापाकापी नाही! नुसता वारा आणि पाणी!" मी हात फिरवून सांगत होतो. तेवढ्यात मुलीच्या गावचे सरपंच आले. बाटलीकडे बघून म्हणाले,

"बस्स? अरं, आमची म्हैस हौदात तोंड घालते तवा यापेक्षा जास्त येतात!"

सगळे खो खो हसले. भर रंगात आलेल्या नटाला हे कसं सोसणार? "थांबा, सरपंच!" म्हणत मी नळी दोन बोटं वर ओढली. बाटली खदखदू लागली. "वा!" सरपंच म्हणाले. मी वाकून नमस्कार केला.

"भाऊ, पट्टी वर आली," आई म्हणाली.

"बाई, बुडबुडे बघा की कसे नाचताहेत!"

"नाय हो. खड्डा परत पडतोय तिला."

"तुम्हाला डॉक्टर व्हायचंय का?"

यावरही लोक हसले. ती उठली, नळी धरून खाली दाबू लागली आणि त्याच क्षणी डॉक्टरीणबाई आत आल्या. मुलीचे ओठ काळसर निळे पडले होते आणि नळीवर आईचा हात होता.

"कोणी हात लावला?"

सरपंच छताकडे बघू लागले. मी सिलिंडरचा काटा बघायला वाकलो. आईने माझ्याकडे एकदाच बघितलं.

"चुकलं माजं," ती म्हणाली.

बाईंनी आईला बाहेर काढलं, नळी बसवली आणि माझ्याकडे वळल्या. "आता तुमच्यावर सोडते."

दिवसभर मी ती इवलीशी हनुवटी बोटावर धरून बसलो. आई खिडकीच्या गजांना धरून उभी होती. जेवायलाही हलली नाही. संध्याकाळी मुलीचा श्वास सावरला. पुढे ती बरी होऊन घरी गेली.

हा किस्सा मी कित्येक वर्षं सांगितला, म्हशीपर्यंतच. त्यापुढचं जवळच्या एक-दोघांना सांगितलं, तेव्हाही म्हणायचो, काय त्या माउलीचं मन! मन कसलं? तिची पोर माझ्या हातात होती. नळीजवळ बसणाऱ्या माणसाला कोण दुखवेल? ती मला घाबरली होती. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, कारण संध्याकाळी मी तिला खुणेने आत बोलावलं तेव्हा ती उंबऱ्यातच थांबली. पोरीकडे बघायच्या आधी तिने मला विचारलं,

"भाऊ, तुमी रागावला तर नाय ना?"

आणि मी मोठ्या मनाने मान हलवून तिला माफ केलं होतं.