झाकून ठेवलेली प्लेट

टेरीचा फोन आला तेव्हा मी अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमध्ये शिफ्टवर होते. मशीनच्या घरघरीत धड ऐकू येईना, म्हणून कॉरिडॉरमध्ये आले. टेरी ही माझ्या मामाच्या हाताखाली काम करणारी बाई, पन्नाशीची, एरवी शेतापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारी. त्या दिवशी ती हळू बोलली. "सकाळी हाउंड्सना खायला घातलं, मग जरा टेकतो म्हणून पिंपावर बसला. बसला तो बसलाच..." बबनमामा गेला. याला आता दहा आठवडे झाले. माझं रडून झालंय. राग मात्र आहे, आणि तो झाकून गोड गोड लिहायला मला जमणार नाही.

आमचं घर म्हणजे पुण्यात रेसच्या घोड्यांच्या तबेल्यामागची एक खोली. आजोबा तिथे मोतद्दार. घोड्यांना पंखे होते, आम्हाला नव्हते. घोड्याला ताप आला की डॉक्टर गाडीतून यायचा. आजी तापाने फणफणली तेव्हा आजोबा दोन दिवस सुट्टी मागत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी सुट्टीचा उपयोग उरला नाही. मामा तेव्हा नऊ वर्षांचा. दहाव्या दिवशी त्याच्या हातात खरारा आला आणि पाटी सुटली ती सुटलीच. पुढे माझे वडील गेल्यावर आई मला घेऊन त्याच खोलीत परत आली आणि घोड्यांच्या झुली धुवायला लागली. मी सहा वर्षांची असताना मामा एका ट्रेनरच्या घोड्यांबरोबर अमेरिकेला गेला. त्याने लग्न केलं नाही. "आधी शोभीला शिकवू, मग बघू," असं आईला म्हणायचा आणि ते बघणं कायमचं राहून गेलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंजिनीअर झाले ती मामाच्या जिवावर, हे मी कुठेही, कुणासमोरही सांगते.

नोकरी घेऊन मी व्हर्जिनियात आले तीही मामा इथे म्हणून. माझ्या अपार्टमेंटपासून पश्चिमेला चाळीस मिनिटं ड्राइव्ह केलं की डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती संपतात, दगडी कुंपणं आणि हिरवी कुरणं सुरू होतात. तिथल्या एका कोल्ह्याच्या शिकारीच्या क्लबात मामा सव्वीस वर्षं व्हिप होता. व्हिप म्हणजे हाउंड्सच्या कडेकडेने घोडा फेकत त्यांना एकत्र ठेवणारा स्वार. शिकार नावाला. कोल्ह्याला मारत नाहीत, त्याचा माग काढत धावतात, आणि तो बिळात शिरला की हाउंड्सना शाबासकी देऊन परत फिरतात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "मामा, एवढ्यासाठी लाल कोट, शिंग, चाळीस घोडे?" तो म्हणाला, "आणि वरातीत काय असतं गं? नवरानवरी घरीच जाणार असतात ना शेवटी?"

या क्लबाच्या रीतीभाती मामाला जीव की प्राण. सकाळी क्लबच्या प्रमुखाला, म्हणजे मास्टरला, टोपी काढून गुड मॉर्निंग म्हणायचं, आणि निघताना, भर दुपार असली तरी, गुड नाइट. लाथा मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल रिबन बांधायची. पेरलेल्या रानातून जायचं नाही, कडेने जायचं, कारण रान दुसऱ्याचं आहे. हाउंड म्हणजे माग काढणारा शिकारी कुत्रा, पण त्याला कुत्रा म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं, तर मामाने गाडी थांबवून माझ्याकडे पाहिलं होतं, जणू मी आजोबांनाच शिवी दिली. आणि सगळ्यांत त्याची आवडती रीत ही की शिकार चालू असताना व्हिप जवळून जायला लागला की कुणीतरी ओरडतं, "स्टाफ येतोय!" आणि सगळे बाजूला होतात. बँकांचे मालक, घोड्यांच्या फार्मचे मालक, सगळे आपापला घोडा वळवून उभे राहतात आणि माझ्या मामाला वाट देतात. मी टेकडीवर गाडी लावून हे कितीदा तरी पाहिलंय. लाल कोटातला तो काळासावळा सडपातळ माणूस, "ए राणी, मागं फिर! मागं फिर म्हणतो ना!" असं शुद्ध पुणेरी तबेल्यातल्या मराठीत ओरडत जाणारा. तिथल्या हाउंड्सना मराठी कळायचं. माझ्या मैत्रिणींच्या मुलांना कळत नाही तेवढं.

पण हे सगळं घोड्यावर असेपर्यंत. मामा घोड्यावर असताना सगळ्यांच्या पुढे, आणि उतरला की सगळ्यांच्या मागे.

शिकार संपली की क्लबात ब्रेकफास्ट असतो. दुपारी दीड वाजला तरी नाव ब्रेकफास्टच. मोठं लाकडी टेबल, हॅम, बिस्किटं, अंडी, गरम सूप, चांदीचे पेले. सगळे सभासद चिखलाचे बूट पुसून आत जातात. स्टाफ जात नाही. आधी हाउंड्स परत न्यायचे, मोजायचे, पाय तपासायचे, काटे काढायचे, धुवायचे, खायला घालायचं. यात दीड तास जातो. तोवर टेबल आवरलेलं असतं. कुणी अपमान करत नाही हो, तेच तर! सगळे फार गोड. "बॉब, तुझ्यासाठी प्लेट झाकून ठेवलीय हं!" असं दारातून ओरडून सांगतात. बबनचा बॉब झाला होता. मग मामा हात धुऊन किचनच्या मागच्या दाराशी जायचा, फॉइलने झाकलेली प्लेट घ्यायचा आणि आपल्या खोलीत बसून गार हॅम खायचा. सव्वीस वर्षं. एकदाही तो त्या टेबलाशी बसला नाही. मी चिडले की म्हणायचा, "अगं, हाउंड उपाशी ठेवून आपण जेवायचं? आपल्या बापाने कधी केलं का असं?" तो बरोबरच होता. पण मग बाकीच्यांना थांबायला काय झालं होतं?

आमची माणसंही काही कमी नाहीत, तेही लिहिते. मंडळाच्या गणपतीला मी मामाला घेऊन गेले, तर एका काकांनी विचारलं, "आपण कुठल्या कंपनीत?" मी घाईघाईने म्हटलं, "मामा हॉर्स इंडस्ट्रीत आहेत." मामा शांतपणे म्हणाला, "कुत्री राखतो." काका "अरे वा" म्हणून प्रसादाच्या लाइनकडे वळले. ज्या माणसाने जन्मात हाउंडला कुत्रा म्हटलं नाही, त्याला ते माझ्या लाजेमुळे म्हणावं लागलं. हा राग माझा माझ्यावर आहे.

पण त्याहून मोठी चूक मी आधीच करून बसले होते. या क्लबात सर्वांत मोठा मान म्हणजे कोटाची रंगीत कॉलर आणि क्लबची पितळी बटणं. सभासदाने वर्षानुवर्षं रीत सांभाळली की एखाद्या दिवशी मास्टर सर्वांसमोर ती देतात, आणि त्याचं नाव भिंतीवरच्या बोर्डावर चढतं. ती बटणं मग त्याची, मरेपर्यंत. मामाच्याही कोटाला तीच कॉलर, तीच बटणं होती, पण तो युनिफॉर्म. कोट क्लबचा, मामा फक्त आतला माणूस. मामाला स्वतःची बटणं हवी होती. त्याने आयुष्यात स्वतःसाठी हवी म्हटलेली ही एकच गोष्ट. "मास्टरबाई देणार आहे," तो म्हणायचा. मास्टर ही सत्तरीची एक विधवा बाई, ताठ, कमी बोलणारी. "परवा म्हणाली, बॉब, पुढच्या वर्षी तुझी पंचविशी. एवढंच. पण मी समजलो."

आणि त्या पंचविशीच्या आधीच्या हिवाळ्यात मास्टरबाईंनी मला ब्रेकफास्टला बोलावलं. बॉबची भाची, इंजिनीअर, म्हणून. मी टेबलाशी बसून गरम सूप पीत होते आणि खिडकीतून मला मामा दिसत होता, गार पाण्याने हाउंड्सचे पाय धुताना. मी चमचा खाली ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल असं विचारलं, "माझ्या मामाला बटणं कधी देणार?" आमच्या घरी न मागता कुणी कधी काही दिलं नव्हतं. फीची माफी, रेशनकार्ड, हॉस्टेलची खोली, सगळं मी काउंटरवर हात आपटून मिळवलेलं. मला वाटलं, इथेही तसंच. कुणाचा तरी काटा प्लेटला लागला. मास्टरबाई म्हणाल्या, "सूप आणखी घेणार?"

संध्याकाळी मामाला कळलं. तो ओरडला नाही. खाटेवर बसून बूट पुसत राहिला.

"शोभे, इथे ते मागत नाहीत गं. मागितलं की संपलं."

"मामा, हक्काचं आहे तुझं!"

"हक्काचं होतं. आता तिने दिलं तर लोक म्हणणार, भाचीने मागून घेतलं. ती देऊच शकत नाही आता. तिचेही हात बांधलेस तू."

पंचविसावं वर्ष आलं आणि गेलं. मामाला केक मिळाला. त्यावर "थँक यू, बॉब" लिहिलेलं होतं. दोन महिने तो माझ्याशी फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलला, मग हळूहळू पूर्वीसारखा झाला. बटणांचं नाव मात्र त्याने पुन्हा काढलं नाही.

मामा जाऊन अकरा दिवस झाले असतील, मी त्याची खोली आवरत होते आणि क्लबच्या सेक्रेटरीची ईमेल आली. किती सभ्य ईमेल! आमच्या दुःखात सहभागी, बॉब म्हणजे क्लबचा आत्मा, वगैरे. आणि शेवटी, आपल्या सवडीने कोट परत केल्यास आभारी राहू, सर्व बटणांसह. मी ती तीनदा वाचली. मग कपाटातला कोट काढून मांडीवर घेतला. कोपरांवर मामाने स्वतःच्या हाताने रफू केलेलं. असं वाटलं, कात्रीने एकेक बटण कापावं आणि पाकिटात घालून पाठवावं... पण त्याच कपाटाच्या खणात मला ते सापडलं. फॉइल. प्लेटवर झाकलेल्या फॉइलचे तुकडे, धुऊन, हाताने इस्त्रीसारखे सपाट करून, चौकोनी घड्या घालून ठेवलेले. आमच्या घरात काही फेकत नाहीत. शेकड्याने घड्या होत्या. मी खणाशी जमिनीवर बसले आणि काय करायचं ते मला तिथेच सुचलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सीझन सुरू झाला. मास्टरबाईंचं आमंत्रण होतं, ब्रेकफास्टच्या वेळी बॉबच्या नावाने पेला उचलू, तुम्ही मुख्य पाहुण्या. मी काठाची साडी नेसले आणि कोट हातावर घेऊन गेले. मला मास्टरबाईंच्या उजव्या हाताला बसवलं. त्या टेबलाची रीत मला आता पाठ होती, मुख्य पाहुणा काटा उचलत नाही तोवर कुणी उचलत नाही. मी काटा उचलला नाही.

"सुरुवात करा ना," सेक्रेटरी म्हणाले. "कोट मी घेऊ का?"

"नको. ज्याच्या अंगावर तो चढणार त्याच्याच हातात देईन. नवीन व्हिप कोण?"

"टेरी. पण ती केनेलमध्ये, हाउंड्सच्या घरात आहे. तिला वेळ लागेल हो."

"काही हरकत नाही," मी म्हटलं. "मी थांबते."

एवढंच बोलले. काहीही मागितलं नाही. हात मांडीवर ठेवून बसले. सूपवर साय धरली. कुणी हवामान काढलं, कुणी घड्याळ पाहिलं, एका गृहस्थांनी बिस्किटाकडे हात नेला आणि मास्टरबाईंनी नुसतं पाहिल्यावर मागे घेतला. तासाभराने त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तो रोज इतका वेळ बाहेर असायचा?"

"सव्वीस वर्षं," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. सव्वा तासाने टेरी आणि दोघेजण किचनच्या मागच्या दाराने आले, कोपरापर्यंत ओले, प्लेटा घ्यायला. मास्टरबाई उठल्या, स्वतः गेल्या आणि त्यांना पुढच्या दाराने आत घेऊन आल्या. सगळं टेबल उभं राहिलं. मी टेरीला कोट दिला, सर्व बटणांसह. ती रडत म्हणाली, "आज राणी पांगली होती. मी ओरडले, मागं फिर. फिरली गं!" तिचे उच्चार इतके वाईट होते की मी हसले, आणि मग आम्ही गार झालेलं सूप सगळ्यांनी मिळून प्यायलो. निघताना, दुपारचे तीन वाजले होते, मी मास्टरबाईंना गुड नाइट म्हटलं.

बोर्डावर मामाचं नाव नाही. बबन सखाराम पवार ही अक्षरं तिथे अजून कुणी लिहिलेली नाहीत, आणि माझा राग गेलेला नाही. फॉइलच्या घड्या मी माझ्या किचनच्या खणात ठेवल्यात. रोज एकीत डब्याची पोळी गुंडाळते, धुते, पुन्हा घडी घालते. परवा टेरीने सीझनचं छापील वेळापत्रक पाठवलं. तळाला एक नवी ओळ आहे, ब्रेकफास्ट स्टाफ आल्यावर सुरू होईल. त्या क्लबात या वर्षी एकही प्लेट झाकून ठेवलेली नाही.